पुढचा वाढदिवस कोणाचा

ग्लेनिस हॅरप दार दोनदा ठोठावायची आणि लगेच दोन पावलं मागे सरायची. बावीस वर्षांत तिला तीन वेळा कुत्रा चावला होता, आणि तिन्ही वेळा ती मागे सरायला विसरली होती. समुद्रकाठच्या बर्नी गावात टेकडीवरच्या ज्या रस्त्यांवर टपालवालासुद्धा फार रेंगाळत नाही, तिथे ही बाई त्रेसष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, लोकरी टोपी कानांवर ओढून, समुद्रावरून येणारा बोचरा वारा खात दारोदार फिरायची. विकायला काही नाही, देवाधर्माचं काही नाही. लोकांनी वर्षभरात कोणकोणती नशा केली, आणि कशाबरोबर काय घेतलं, हे एका सर्वेक्षणासाठी विचारायला.

तोंडावर अर्थातच विचारायची नाही. दार उघडलं की गळ्यातलं ओळखपत्र दाखवायची, हवेबद्दल एक वाक्य बोलायची आणि मग तिचा ठरलेला प्रश्न यायचा. "घरात चौदा वर्षांवरची माणसं किती? आणि त्यांच्यात पुढचा वाढदिवस कोणाचा?"

ज्याचा वाढदिवस सगळ्यांत आधी येणार, त्यानेच फॉर्म भरायचा, असा नियम. नाहीतर दार उघडेल तोच भरणार, आणि दिवसाढवळ्या दार उघडतात त्या निवृत्त बायका. मग सगळं बर्नी चहाबिस्किटांवर जगतंय असं आकडे सांगतील. लोकांना मात्र या नियमाची भारी गंमत वाटायची. मागच्याच वर्षी एका दाढीवाल्याने दारातच सांगितलं होतं, "वाढदिवस बायकोचा आहे, पुढच्या आठवड्यात. पण ती काय लिहिणार? तिला नशा म्हणजे काय तेच माहीत नाही."

आतून आवाज आला, "तुझ्याशी लग्न केलं ते काय शुद्धीत केलं? आण तो फॉर्म इकडे."

असे किस्से ग्लेनिसकडे ढिगाने होते, पण घराचा नंबर, माणसाचं नाव, काम, यांतलं काही ती चुकूनही सांगायची नाही. आमच्या बर्नीत कोण कुठल्या डॉक्टरकडे गेलं हे त्याच्या आधी शेजाऱ्याला कळतं. अशा गावात बावीस वर्षं लोकांची गुपितं वाहून नेणं आणि एकही न सांडणं, हे साधं काम नव्हे. बाईला त्याचा अभिमान होता, आणि तो तिने मिरवलाही. नव्या मुली कामावर आल्या की त्यांना शिकवायला कंपनी तिलाच बोलवायची. ती पांढरं पाकीट वर धरायची आणि सांगायची, "हे एकदा चिकटवलं की त्याला आपल्यासाठी तोंड नाही. तुमच्या आईचं असलं तरी नाही."

फॉर्म जाडजूड होता. दारूचं वेगळं पान, गांजाचं वेगळं, दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांचं वेगळं, झोपेच्या गोळ्यांचं वेगळं. प्रत्येक पानावर आधी 'कधी घेतली का', मग 'वर्षभरात किती वेळा', आणि सगळ्यांत खाली एक प्रश्न: हे घेता तेव्हा त्याच्याबरोबर आणखी काय घेता? पहिल्याच प्रश्नाला 'नाही' म्हटलं की अमुक पानावर जा, अशी सूचना. पहिल्या शिकवणीच्या दिवशी वरिष्ठ बाईंनी सांगितलं होतं की, खरी गोम त्या खालच्या प्रश्नात आहे. एकेक वस्तू सुटी मोजली तर गाव बरं दिसतं. माणसं मरतात ती दोन-तीन एकत्र झाल्यावर, आणि ते एकत्र होणंच कोणाच्या मोजणीत येत नाही. ग्लेनिसला ते तेव्हापासून पाठ होतं.

पण त्या प्रश्नापर्यंत माणूस पोचला तर ना. थेल्मा नावाच्या एका म्हातारीने तिला एकदा स्वयंपाकघरात बसवून चहा दिला आणि फॉर्म भरता भरता मोठ्याने बोलायला लागली. "झोपेच्या गोळ्या नशेसाठी घेता का? छे गं. झोपेसाठी घेते. मग काय लिहू?"

"तुम्हाला जो अर्थ वाटतो तसं लिहा."

"मग नाही. सरळ पुढच्या पानावर जा म्हणतंय. दारू? शेरी म्हणजे दारू का?"

"तुम्हाला जसं वाटतं तसं."

"दोन ग्लास तर घेते झोपण्याआधी. गोळी गिळायला बरी पडते." आणि थेल्माने खूण केली, पान उलटलं आणि विचारलं, "बिस्किट घे की. एवढी घाबरल्यासारखी काय बघतेस?"

ग्लेनिस घाबरलीच होती. गोळी आणि शेरी एकाच घोटात जात होती, आणि कागदावर एका पानावर 'नाही' आणि दुसऱ्या पानावर दोन ग्लास, एवढंच उरत होतं. सांगायची मुभा नव्हती. सुचवलं तर उत्तर बिघडतं. निघताना फक्त मदतीचा फोन नंबर छापलेलं कार्ड टेबलावर ठेवायचं, आणि ते सगळ्यांनाच ठेवायचं, म्हणजे कोणाला बोट दाखवल्यासारखं होत नाही. तिने कार्ड ठेवलं. थेल्माने त्यावर चहाचा कप ठेवला.

अशा वेळी हात चोळत बसण्यापलीकडे काही करता यायचं नाही. तिने ते कधीचंच पत्करलं होतं. फक्त एक विद्या तिने आपली आपण कमावली होती: कान. माणूस आत फॉर्म भरतोय आणि ही ओसरीत किंवा टेबलापलीकडे बसली आहे, अशा वेळी पानांचा आवाज ऐकून तिला बरंच कळायचं. 'नाही' म्हणणारा चार-चार पानं एकदम उलटतो, दहा-बारा मिनिटांत पाकीट चिकटवतो. जो एकेक पान उलटतो, प्रत्येक पानावर थांबतो, त्याच्या घरातून निघताना ती कार्ड जरा जवळ सरकवून ठेवायची. तेवढंच तिच्या हातात होतं.

या बाईच्या स्वतःच्या घरात, मागच्या खोलीत, तिचा चौतीस वर्षांचा मुलगा झोपलेला असायचा.

हीथ जंगलतोडीवर कामाला होता. तीन वर्षांपूर्वी ढिगावरून ओंडका घसरला आणि त्याच्या पाठीचं मणक्यापाशी वाटोळं झालं. दोन शस्त्रक्रिया झाल्या. त्याच्याबरोबर राहणारी जोडी नावाची मुलगी वर्षभर टिकली, मग एका शुक्रवारी तिने आपलं सामान आणि मांजर उचललं. हीथ आईकडे आला तो एक बॅग, एक गादी आणि औषधांची पिशवी घेऊन. त्याचा बाप ट्रेव्हर, कागदाच्या गिरणीतला, तो आधीच गेलेला. घरात दोघंच.

दुखणं थांबवणाऱ्या जहाल गोळ्या डॉक्टरांनी दिलेल्या होत्या, तेवढं ग्लेनिसला माहीत होतं. त्या स्वयंपाकघराच्या फळीवर उघड्या असायच्या. बाकीचं तिला दिसायचं ते तुकड्यातुकड्याने. कचऱ्यात दुसऱ्याच कोणाच्या नावाचं रिकामं खोकं. शर्टाला गांजाचा वास. बिअरचे डबे, जे मोजता येऊ नयेत म्हणून तो चेपून खाली दाबायचा. दुपारी दोनला तो टेबलावर यायचा, टोस्टवर व्हेजिमाइटचा काळा, खारट लेप फासायचा आणि अर्धा खाऊन तसाच बसायचा, डोळे उघडे ठेवून.

"झोप लागली का नीट?" ती विचारायची.

"लागली."

"दुखतंय का?"

"नेहमीचं."

झालं, संपलं संभाषण. हजारो अनोळखी माणसांना तिने न लाजता, न अडखळता प्रश्न केले होते, आणि पोटच्या पोराला तिसरा प्रश्न विचारायच्या ऐवजी ती टेबल पुसायला लागायची. एकदा तिने धीर करून ते रिकामं खोकं टेबलावर ठेवलं होतं. "हे कोणाचं?" हीथने ते उचललं, खिशात घातलं आणि चार दिवस तो खोलीतून तिच्यासमोर आलाच नाही. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता. कचरा बघायचा, पण बोलायचं नाही.

जूनच्या शेवटी, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीत, तिला एक कल्पना सुचली. आता मी म्हणतो, ती कल्पना दुसऱ्या कोणत्याही आईला सुचली नसती. दुसरी आई ओरडली असती, रडली असती, डॉक्टरांना फोन केला असता, चर्चच्या बाईला घरी आणलं असतं. ग्लेनिसला बावीस वर्षांच्या अनुभवाने एकच गोष्ट शिकवली होती. माणसाला खरं बोलायचं असतं, फक्त समोर ओळखीचं माणूस नको असतं. छापील फॉर्म द्या, पाकीट द्या, ओळखीचं कोणी वाचणार नाही असा शब्द द्या, की तो लिहितो. म्हणून तिने एक कोरा फॉर्म घरी आणला. प्रत्येक फॉर्मला नंबर असतो आणि प्रत्येकाचा हिशोब द्यावा लागतो. तिने कंपनीला कळवलं की एक फॉर्म पावसात भिजून खराब झाला. नोकरीतलं तिचं हे पहिलं खोटं.

त्या शनिवारी, सत्तावीस जूनला, दुपारी रेडिओवर फुटबॉलचा सामना चालू होता. तिने फॉर्म, पाकीट आणि पेन टेबलावर हीथच्या टोस्टशेजारी मांडलं.

"यंदा आपलं घर निवडलं गेलंय," ती म्हणाली.

हीथने फॉर्मकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "आपलं घर?"

"हो. चिठ्ठ्यांसारखंच असतं ते. कुठलंही येतं."

"आणि भरणार कोण?"

"तू."

तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. लहानपणी शाळेच्या सुट्टीत तिच्याबरोबर गाडीतून हिंडायचा तेव्हा असाच बघायचा. बारा वर्षांचा होता, मागच्या सीटवर बसून प्रत्येक घराआधी तिचं वाक्य तिच्या आधी म्हणायचा, अगदी तिच्या आवाजात. नियम त्याला तिच्याइतकेच पाठ झाले होते. पण ग्लेनिसच्या ते ध्यानात आलं नाही. तिचं सगळं लक्ष तो पेन उचलतो का, याकडे लागलं होतं.

"बरं," तो म्हणाला आणि पेन उचललं.

ती पाठ करून भांडी घासायला लागली. घासायला तीन कप होते. तेच तीन कप तिने पुन्हा पुन्हा धुतले, नळ अगदी बारीक ठेवून, आणि कान मागे लावले. एक पान उलटलं. थांबला. दुसरं उलटलं. थांबला. एकदाही चार पानं एकदम उलटली नाहीत. रेडिओवर सामन्याची एक पाळी संपून दुसरी सुरू झाली. पाऊण तास गेला. शेवटच्या पानावर तो जितका वेळ थांबला तितका कोणीच थांबत नाही, कारण शेवटचं पान कोरं असतं. 'आणखी काही सांगायचं असल्यास' एवढं वर छापलेलं, आणि लोक तिथे फारतर फॉर्म फार लांबलचक आहे म्हणून शिव्या घालतात.

मग त्याने पाकिटाचा गोंद जिभेने ओला केला आणि अंगठ्याने कडेपर्यंत दाबला. पाकीट तिच्यापुढे धरलं, पण सोडलं नाही.

"ओळखीचं कोणी वाचणार नाही ना?"

"कोणी नाही."

"तूसुद्धा नाही?"

"हीथ, बावीस वर्षं करतेय मी हे काम. एक पाकीट उघडलं असेल तर शपथ."

"नक्की?"

"नक्की," ती म्हणाली, आणि सांगताना तिची मान ताठ झाली, नव्या मुलींसमोर व्हायची तशी.

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि त्याने पाकीट सोडलं.

आता खरी पंचाईत झाली. फॉर्म घरी आणला तेव्हा तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं: तो झोपला की उघडायचं. पण तो तिच्या तोंडावर विचारून गेला होता, आणि ती शब्द देऊन बसली होती. पाकीट कंपनीकडे पाठवता येत नव्हतं, कारण तो नंबर भिजून गेला होता. घरात ठेवता येत नव्हतं. तिने ते गाडीच्या पुढच्या कप्प्यात, मदतीच्या कार्डांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी समुद्राकाठी गाडी लावून ती पाकीट मांडीवर घेऊन बसली. उजेडाकडे धरलं. कागद जाड होता. परत ठेवलं. एकदा चहाची किटली उकळत असताना ते वाफेवर धरायला घेऊन आली, आणि किटली बंद करून तशीच गाडीत ठेवून आली. पोराने पहिल्यांदा कोणावर तरी विश्वास टाकला आहे, मग तो कागदावर का असेना, आणि आपण तोच मोडायचा? असं ती स्वतःला सांगायची. तिला स्वतःचा राग यायचा आणि तरी हात पुढे व्हायचा नाही. मला विचाराल तर यात थोडी भीतीही होती. वाचलं की माहीत होणार, माहीत झालं की काहीतरी करावं लागणार, आणि काय करायचं ते फॉर्ममध्ये कुठेच छापलेलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र झाली. पुढचे दोन आठवडे हीथ बदलला. सकाळी उठायला लागला. तिच्यासाठी चहा ठेवायचा, टीव्ही बंद करायचा आणि टेबलाशी बसून राहायचा.

"आज कसं होतं काम?" एके संध्याकाळी त्याने विचारलं.

"नेहमीचंच. कुत्री आणि पायऱ्या."

"काही खास?"

"खास काय असणार? तुला चॉप्स करू का?"

"चालेल." तो बसून राहिला. "तुला काही विचारायचंय का मला?"

ग्लेनिसचा हात पातेल्यावर थांबला. विचारलं तर त्याला वाटेल, आईने वाचलं. शब्द मोडला. जे थोडंफार जुळून आलंय तेही जाईल. "बटाटे उकडून की तळून?" तिने विचारलं.

"कसेही," तो म्हणाला.

फॉर्म भरून मुलाचं मन मोकळं झालं, अशी तिची समजूत झाली. मैत्रिणीला फोनवर तिने सांगितलंसुद्धा की हीथ हल्ली बरा आहे. मग हळूहळू त्याचा चहा बंद झाला. खोलीचं दार पुन्हा लागलं. जुलैच्या शेवटी कचऱ्यात डबे वाढले, आणि आता तो ते चेपतही नव्हता.

तेव्हा तिने लिऑनीला फोन केला. लिऑनी होबार्टच्या कचेरीतली तिची वरिष्ठ, वयाने तिच्या निम्मी, तिनेच शिकवून तयार केलेली.

"समज," ग्लेनिस म्हणाली, "एखाद्या पाकिटात काहीतरी धोक्याचं लिहिलेलं असेल असं आपल्याला वाटलं. तर?"

"वाटलं म्हणजे?"

"पानांच्या आवाजावरून."

लिऑनी हसली. "ग्लेनिस, तुझे कान आता आकडेवारीत धरायचे राहिलेत फक्त. आपण उघडत नाही, तूच तर शिकवलंस मला. कार्ड ठेवलंस ना?"

"ठेवलं."

"मग झालं तर. सुट्टी घे थोडी. वाढदिवस जवळ आला ना तुझा?"

"एकोणीस ऑगस्ट," ग्लेनिस म्हणाली आणि फोन ठेवला. आपण आत्ता काय बोललो ते तेव्हाही तिच्या डोक्यात शिरलं नाही.

सोळा ऑगस्टला रविवार होता. सकाळी सातला तिला मागच्या खोलीतून घोरण्याचा आवाज आला, जड, खोल, मध्येच अडकणारा. आज गाढ झोपलाय, म्हणून तिला बरंच वाटलं. तिने कपडे वाळत घातले, शेजारणीशी कुंपणावरून पाच मिनिटं बोलली. साडेनऊला घरात शिरली तेव्हा घोरणं थांबलं होतं. त्या शांततेत तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि बावीस वर्षांत न केलेली गोष्ट तिने केली. न ठोठावता दार उघडलं.

त्याचे ओठ निळसर झाले होते. छाती हलत होती, पण इतक्या सावकाश की दोन श्वासांमध्ये तिने त्याला तीनदा हाक मारली.

रुग्णवाहिका अकरा मिनिटांत आली. एक उंच बाई आणि एक टकलू माणूस. बाईने हीथच्या नाकात औषधाचा फवारा मारला, थोड्या वेळाने दुसरा मारला. तो कण्हला, पण जागा झाला नाही.

"काय घेतलंय याने?" बाईने वर न बघता विचारलं.

"दुखण्याच्या गोळ्या. डॉक्टरांनी दिलेल्या."

"हा फवारा फक्त त्या गोळ्यांवर चालतो. त्याच्यावर आणखी काहीतरी आहे. कशाबरोबर काय घेतो?"

ग्लेनिसने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की हा तिचाच प्रश्न आहे. पानाच्या तळाचा. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

"तुम्ही एकाच घरात राहता ना?"

"हो."

"मग आठवा. जे असेल ते."

ती पायांत चपला न घालता गाडीकडे धावली. कार्डांचा गठ्ठा रस्त्यावर सांडला. पाकीट तिने दातांनी फाडलं. परत आली तेव्हा ते हीथला स्ट्रेचरवर घेत होते. ती पलंगाच्या कडेशी उभी राहिली आणि वाचायला लागली, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशांना वाचून दाखवायची त्याच आवाजात, एकेक पान उलटत. दुखण्याच्या गोळ्या, रोज, डॉक्टरांनी सांगितल्याच्या दुप्पट. बरोबर काय: झोपेच्या गोळ्या, दुसऱ्याच्या नावाच्या. झोपेच्या गोळ्या, रोज, तीन किंवा चार. बरोबर काय: बिअर. नसांच्या दुखण्याच्या कॅप्सूल, मित्राकडून, आठवड्यातून चार वेळा. बरोबर काय: वरचं सगळं. गांजा, रोज. बरोबर काय: वरचं सगळं.

प्रत्येक चौकोनात खूण होती. एकही ओळ सोडली नव्हती. बावीस वर्षांत इतका नीट भरलेला फॉर्म असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"कधीचं आहे हे?" टकलू माणसाने विचारलं.

"सात आठवड्यांपूर्वीचं."

त्याने बाईकडे पाहिलं. बाई फोनवर इस्पितळाला सांगत होती, ग्लेनिसने वाचलं तेच, त्याच क्रमाने. "तुम्ही पुढे बसा," ती ग्लेनिसला म्हणाली. "आणि बूट घाला."

रुग्णवाहिकेत पुढच्या सीटवर बसल्यावर शेवटचं पान उलटलं गेलं. 'आणखी काही सांगायचं असल्यास'च्या खाली हीथचं अक्षर होतं, शाळेतलंच, मागे कलणारं.

'आई, पुढचा वाढदिवस तुझा आहे, ऑगस्टमध्ये. माझा नोव्हेंबरात. आणि सर्वेक्षण करणाऱ्याचं घर कधीच निवडत नाहीत, तूच सांगितलं होतंस. म्हणजे हा तू माझ्यासाठी आणलास. बरं केलंस. मला तोंडाने सांगता येत नव्हतं. सगळं खरं लिहिलंय. वाचलंस की मला काहीतरी विचार. काहीही विचार. मी टेबलाशी बसतो.'

डावीकडे समुद्र होता, राखाडी, रोजचाच. गाडी चालवणारा टकलू माणूस काहीतरी विचारत होता आणि ग्लेनिसला ऐकू येत नव्हतं. बटाटे उकडून की तळून, एवढंच तिच्या कानात घुमत होतं.

इस्पितळात हीथच्या घशात नळी घातली आणि त्याचा श्वास यंत्राकडे दिला. डॉक्टर तरुण होत्या, बोलायला चांगल्या. त्यांनी सांगितलं की यादी मिळाली हे फार बरं झालं, त्यामुळे काय करायचं ते लवकर कळलं. पण मेंदूला हवा किती वेळ कमी पडली ते आत्ता कोणालाच सांगता येणार नाही. आता थांबायचं. किती? तेही सांगता येणार नाही.

ती पलंगाशेजारी बसली. त्याचा हात गरम होता, नखं कडेने चावलेली. विचारायचं होतं ते सगळं आता तिच्या ओठांवर येत होतं आणि तिने ते विचारलंही, हळू आवाजात, एकामागून एक. कुठे दुखतं? कधीपासून? जोडीची आठवण येते का? यंत्र त्याची छाती वरखाली करत राहिलं.

दुपारी एक परिचारिका फळीवर कागद लावून आली. तिला नोंद पुरी करायची होती. नाव, जन्मतारीख, पत्ता. ग्लेनिसने सगळं सांगितलं. परिचारिका लिहीत लिहीत खाली सरकली, आणि 'कोणकोणती द्रव्ये एकत्र घेतली, याची माहिती कोणाकडून मिळाली' या रकान्यात तिने न विचारताच 'आई' असं लिहिलं.

ग्लेनिसला ते उलटं असूनही वाचता आलं. समोरच्याचा कागद उलटा वाचायची तिला सवय होती.

"ते खोडा," ती म्हणाली.

"काय?"

"आई खोडा. तिथे त्याचं नाव लिहा. त्याने स्वतः सांगितलं." आणि परिचारिकेने खोडून नाव लिहिलं तेव्हा ती पुढे झुकली. "तारीखही घाला. सत्तावीस जून."